पुणे–नागपूर विमानप्रवास : अंतर, उड्डाणकाळ आणि एकूण प्रवासकाळ
(वरवंड, ता. दौंड, जि. पुणे या परिसराच्या विशेष संदर्भात)

सारांश :

दोन शहरांमधील अंतर किती आणि विमानाने तेथे जाण्यास वेळ किती लागतो, हे प्रश्न वरकरणी सोपे वाटतात. प्रत्यक्षात 'अंतर' आणि 'वेळ' या दोन्ही शब्दांचे अनेक अर्थ संभवतात आणि कोणता अर्थ गृहीत धरला यावर उत्तर अवलंबून असते. प्रस्तुत लेखात पुणे आणि नागपूर या शहरांमधील हवाई अंतर, रस्त्याचे अंतर व लोहमार्गाचे अंतर यांची तुलना केली असून उड्डाणकाळाचे घटक स्पष्ट केले आहेत. त्यानंतर दौंड तालुक्यातील वरवंड येथून नागपूरला जाणाऱ्या प्रवाशाच्या दृष्टीने एकूण प्रवासकाळाची मांडणी केली आहे. विमानाच्या वेगाचा लाभ शहरी व ग्रामीण प्रवाशांस समान प्रमाणात मिळत नाही आणि म्हणून विमानतळविषयक नियोजनात उड्डाणकाळाऐवजी 'दारापासून दारापर्यंतचा काळ' हे एकक धरले पाहिजे, असे प्रतिपादन येथे केले आहे.

महत्त्वाच्या संज्ञा : बृहद्वृत्तीय अंतर, ब्लॉक टाइम, भूसापेक्ष वेग, वळसा गुणोत्तर, स्थिर काळ, एकूण प्रवासकाळ.

१. प्रस्तावना :

पुणे–सोलापूर राष्ट्रीय महामार्गावर पुण्यापासून सुमारे ५५ ते ६० कि.मी. अंतरावर वरवंड हे गाव वसलेले आहे. पश्चिमेस चौफुला व यवत, पूर्वेस पाटस व कुरकुंभ, उत्तरेस भीमा नदीचे खोरे आणि पलीकडे शिरूर तालुका अशी या गावाची भौगोलिक स्थिती आहे. मुंबई–चेन्नई लोहमार्ग या गावाच्या जवळून जातो आणि दौंड हे महत्त्वाचे जंक्शन येथून अर्ध्या-पाऊण तासाच्या अंतरावर आहे. उसाची शेती, कुरकुंभची औद्योगिक वसाहत आणि पुण्याकडे दररोज होणारी ये-जा यांमुळे वाहतूक हा या परिसराच्या जीवनाचा अविभाज्य भाग बनला आहे.

या परिसरातील विद्यार्थी, रुग्ण, नोकरदार व उद्योजक यांना नागपूर, दिल्ली यांसारख्या दूरच्या शहरी जाण्याचे प्रसंग आता वारंवार येतात. विद्यापीठीय कामकाज, परिषदा व मुलाखती यांसाठी प्राध्यापकवर्गासही असे प्रवास करावे लागतात. अशा वेळी 'विमानाने दीड तास' हे उत्तर सहज दिले जाते. ते चूक नाही. परंतु ते एका विशिष्ट प्रश्नाचे उत्तर आहे. वरवंडच्या प्रवाशाचा प्रश्न त्याहून वेगळा असतो.

२. उद्दिष्टे व पद्धती :

प्रस्तुत लेखाची उद्दिष्टे पुढीलप्रमाणे आहेत.
१) पुणे व नागपूर यांमधील निरनिराळ्या प्रकारच्या अंतरांचा अर्थ स्पष्ट करणे.
२) उड्डाणकाळाचे घटक उदाहरणांसह समजावून देणे.
३) ग्रामीण प्रवाशाच्या एकूण प्रवासकाळात उड्डाणाचा वाटा किती हे पाहणे.
४) या विवेचनाचा नियोजन व अध्यापन यांच्याशी असलेला संबंध दाखविणे.

हवाई अंतराची गणना दोन्ही विमानतळांच्या अक्षांश-रेखांशांवरून केली आहे. भूमार्गावरील प्रवास, विमानतळावरील प्रतीक्षा इत्यादींसाठी दिलेले कालावधी हे स्पष्टीकरणासाठी धरलेली गृहीतके आहेत. ते सर्वेक्षणाचे निष्कर्ष नव्हेत. वाचकांनी आपल्या अनुभवानुसार त्यांत बदल करून तीच गणना पुन्हा करून पाहावी.

३. 'अंतर' म्हणजे कोणते अंतर?

पृथ्वी गोलाकार असल्याने तिच्या पृष्ठभागावरील दोन ठिकाणांना जोडणारी सर्वांत जवळची वाट ही सरळ रेषा नसून वर्तुळाचा कंस असतो. पृथ्वीच्या केंद्रातून जाणाऱ्या प्रतलाने पृष्ठभागावर जे वर्तुळ तयार होते, त्यास 'बृहद्वृत्त' असे म्हणतात. दोन ठिकाणांमधून जाणाऱ्या बृहद्वृत्ताचा लहान कंस म्हणजे त्यांमधील किमान अंतर होय. विमान वाहतुकीत हे अंतर सागरी मैलांत मोजण्याची पद्धत आहे. एक सागरी मैल १.८५२ कि.मी. इतका असतो. बृहद्वृत्ताच्या एका अंशात ६० सागरी मैल, म्हणजे सुमारे १११ कि.मी. येतात.

पुण्याचा लोहगाव विमानतळ सुमारे १८.५८° उत्तर अक्षांश व ७३.९२° पूर्व रेखांशावर आहे. नागपूरचा डॉ. बाबासाहेब आंबेडकर आंतरराष्ट्रीय विमानतळ सुमारे २१.०९° उत्तर अक्षांश व ७९.०५° पूर्व रेखांशावर आहे. अक्षांशांतील फरक २.५१° असून एका अंशास १११.२ कि.मी. धरल्यास उत्तर-दक्षिण अंतर सुमारे २७९ कि.मी. येते. रेखांशांतील फरक ५.१३° आहे. तथापि रेखावृत्ते ध्रुवांकडे जवळ येत जातात. म्हणून या फरकास सरासरी अक्षांशाच्या, म्हणजे १९.८४° च्या, कोज्येने (०.९४०६) गुणावे लागते. त्यानुसार पूर्व-पश्चिम अंतर सुमारे ५३७ कि.मी. येते. या दोन अंतरांस काटकोन त्रिकोणाच्या दोन बाजू मानल्यास पायथागोरसच्या सिद्धान्तानुसार कर्ण सुमारे ६०५ कि.मी. होतो. गोलीय त्रिकोणमितीचे अचूक सूत्र वापरले तरी उत्तरात एखाद्या किलोमीटरपलीकडे फरक पडत नाही. एवढ्या अंतरासाठी पृथ्वीची वक्रता फारशी जाणवत नाही, हे यावरून लक्षात येते.

दूरच्या प्रवासात मात्र ती प्रकर्षाने जाणवते. मुंबई–न्यूयॉर्क या शहरांना सपाट नकाशावर पट्टीने जोडले तर ती रेषा अरबस्तान, उत्तर आफ्रिका व अटलांटिक महासागर यांवरून जाते. प्रत्यक्ष बृहद्वृत्त मात्र बरेच उत्तरेकडे वळून ध्रुवीय प्रदेशाजवळून जाते. परदेशी गेलेल्या मुलाच्या विमानाचा मार्ग पडद्यावर पाहून 'विमान एवढे वर का गेले?' असा प्रश्न अनेक पालकांना पडतो. त्याचे उत्तर नकाशाच्या प्रक्षेपणात दडलेले आहे.

अंतरमापनाच्या संदर्भात नागपूरचे स्थान ऐतिहासिक दृष्ट्याही महत्त्वाचे आहे. भारताच्या महात्रिकोणमितीय सर्वेक्षणाचा प्रारंभ १८०२ मध्ये मद्रास येथे विल्यम लॅम्ब्टन यांनी केला. थिओडोलाइटच्या साहाय्याने त्रिकोणांची साखळी उत्तरेकडे नेत असतानाच जानेवारी १८२३ मध्ये त्यांचे निधन सध्याच्या वर्धा जिल्ह्यातील हिंगणघाट येथे झाले. नागपुरातील 'शून्य मैल' स्तंभ (१९०७) याच सर्वेक्षणपरंपरेची खूण आहे. पुण्यातही मुख्य टपाल कार्यालयाजवळ असा शून्य दगड आहे. अंतर मोजण्यासाठी प्रथम 'कोठून' हे निश्चित करावे लागते, हे तत्त्व या दगडांतून प्रतीत होते. प्रस्तुत विवेचनाच्या मुळाशीही हेच तत्त्व आहे.

४. लोहमार्ग व रस्ता : वळसा का पडतो?

पुणे–नागपूर या एकाच जोडीसाठी तीन अंतरे पुढीलप्रमाणे सांगता येतात.

तक्ता क्र. १ : पुणे–नागपूर अंतर

| मार्ग | अंतर (कि.मी.) | वळसा गुणोत्तर |
|---|---|---|
| हवाई (बृहद्वृत्तीय) | सुमारे ६०५ | १.०० |
| रस्ता (मार्गानुसार) | सुमारे ७०० ते ७२० | १.१६ ते १.१९ |
| लोहमार्ग (पुणे–अजनी) | ८८१ | १.४६ |

प्रत्यक्ष मार्गाचे अंतर भागिले हवाई अंतर म्हणजे 'वळसा गुणोत्तर' होय. लोहमार्गाने जाणारा प्रवासी हवाई अंतराच्या जवळजवळ दीडपट प्रवास करतो, असे तक्त्यावरून दिसून येते. याचे कारण भूगोलापेक्षा इतिहासात अधिक आहे. खंडाळा ते पुणे हा लोहमार्ग १८५८ मध्ये सुरू झाला आणि तो पुढे सोलापूरच्या दिशेने गेला. भुसावळमार्गे वऱ्हाडातून जाणारा दुसरा मार्ग १८६७ मध्ये नागपूरला पोहोचला. दोन्ही मार्गांचे उगमस्थान मुंबई बंदर होते. वऱ्हाडातील कापूस मुंबईस आणणे हा दुसऱ्या मार्गाचा एक प्रमुख हेतू होता. पुणे व नागपूर यांना परस्परांशी जोडणे हे त्या वेळी कोणाचेच उद्दिष्ट नव्हते. १८७८ मध्ये दौंड–मनमाड मार्ग झाला आणि या दोन शाखा एकमेकींस मिळाल्या. त्यामुळे आजही नागपूरची गाडी दौंडहून प्रथम उत्तरेस मनमाडला जाते व तेथून भुसावळ, अकोला, बडनेरा, वर्धा या क्रमाने पूर्वेकडे वळते.

१० ऑगस्ट २०२५ रोजी सुरू झालेली पुणे–अजनी वंदे भारत एक्सप्रेस हे ८८१ कि.मी. अंतर १२ तासांत कापते. म्हणजेच तिचा सरासरी वेग ताशी सुमारे ७३ कि.मी. येतो. दौंड जंक्शनमध्ये इंजिनाची दिशा बदलावी लागू नये म्हणून ही गाडी 'दौंड कॉर्ड लाईन' या स्थानकावर थांबते. हवाई अंतराच्या हिशेबाने पाहिल्यास मात्र प्रवासी ताशी ५० कि.मी. इतक्याच वेगाने नागपूरजवळ सरकत असतो. गाडीचा वेग आणि प्रवाशाची प्रगती यांतील हा फरक वळशामुळे निर्माण झालेला आहे.

रस्त्याच्या बाबतीत वळसा तुलनेने कमी आहे. वरवंड परिसरातून चौफुला–केडगाव–न्हावरा–शिरूर असा मार्ग धरून अहिल्यानगर व छत्रपती संभाजीनगरकडे जाता येते. पुण्यात शिरण्याची गरज पडत नाही. तेथून पुढे ७०१ कि.मी. लांबीच्या मुंबई–नागपूर समृद्धी महामार्गाचा उपयोग होतो. या महामार्गाचा नागपूर–शिर्डी टप्पा ११ डिसेंबर २०२२ रोजी, तर शेवटचा इगतपुरी–आमणे टप्पा ५ जून २०२५ रोजी खुला झाला.

५. उड्डाणकाळाचे घटक :

जेट प्रवासी विमानाचा उंचीवरील वेग ताशी सुमारे ८३० कि.मी. असतो. या वेगाने ६०५ कि.मी. अंतर कापण्यास सुमारे ४४ मिनिटे लागावयास हवीत. वेळापत्रकात मात्र पुणे–नागपूर प्रवासासाठी साधारण दीड तासाच्या आसपास वेळ दाखविलेला असतो. उरलेली सुमारे ४५ मिनिटे कोठे जातात, हे समजून घेणे आवश्यक आहे.

(अ) ब्लॉक टाइम : वेळापत्रकातील वेळ ही विमानाने जमीन सोडल्यापासूनची नसते. विमानाच्या चाकांना लावलेले अडसर काढून ते जागेवरून हलते, तेव्हा ही वेळ सुरू होते आणि गंतव्य विमानतळावर ते आपल्या जागी थांबल्यावर संपते. या कालावधीस 'ब्लॉक टाइम' म्हणतात. धावपट्टीपर्यंतचा संथ प्रवास, रांगेतील प्रतीक्षा आणि उतरल्यानंतरचा संथ प्रवास यांचा त्यात समावेश होतो.

(आ) चढण व उतरण : उड्डाणानंतर अपेक्षित उंची गाठेपर्यंत आणि उतरताना विमानाचा वेग कमाल वेगापेक्षा बराच कमी असतो. पुणे–नागपूरसारख्या कमी पल्ल्याच्या उड्डाणात या दोन अवस्थांचा वाटा मोठा असतो.

(इ) धावपट्टीची दिशा : विमान शक्यतो वाऱ्याच्या विरुद्ध दिशेने उडते व उतरते. लोहगावच्या धावपट्टीस '१०/२८' हे क्रमांक आहेत. म्हणजे तिची टोके साधारणतः १००° व २८०° या चुंबकीय दिशांना रोखलेली आहेत. नागपूर पुण्याच्या पूर्व-ईशान्येस असल्याने '१०' कडून उडालेले विमान थेट मार्गी लागते. पश्चिमेचा वारा असताना मात्र '२८' कडून पुणे शहराच्या दिशेने उडून विमानास मागे वळावे लागते.

(ई) निर्धारित हवाई मार्ग : विमाने आकाशात मुक्तपणे विहार करीत नाहीत. हवाई वाहतूक नियंत्रणाने आखून दिलेल्या बिंदूंमधून ती जातात आणि काही वेळा राखीव हवाई क्षेत्रांना वळसा घालतात. फेब्रुवारी ते जुलै २०१९ या काळात पाकिस्तानचे हवाई क्षेत्र बंद असताना दिल्लीहून युरोप-अमेरिकेकडे जाणाऱ्या विमानांना लांबचा मार्ग घ्यावा लागला. शहरे होती तेथेच होती, बृहद्वृत्तीय अंतरही तेच होते. तरी उड्डाणकाळ वाढला.

(उ) विमानाचा प्रकार : ए.टी.आर.-७२ सारख्या पंख्याच्या विमानाचा वेग ताशी सुमारे ५०० कि.मी. असतो. तेच ६०५ कि.मी. अंतर कापण्यास त्यास ४४ ऐवजी सुमारे ७३ मिनिटे लागतात.

येथे घड्याळाविषयी एक बाब नोंदविली पाहिजे. पुणे व नागपूर यांच्या रेखांशांत ५.१३° चा फरक असल्याने नागपुरात सूर्य सुमारे २० मिनिटे अगोदर माथ्यावर येतो. परंतु देशभर एकच प्रमाणवेळ असल्याने निघण्याची वेळ पोहोचण्याच्या वेळेतून वजा केली की ब्लॉक टाइम मिळतो. पुणे–दुबई प्रवासात ही रीत चालत नाही. दुबईची घड्याळे भारतापेक्षा दीड तास मागे असल्याने जाताना वजाबाकीत दीड तास मिळवावा लागतो आणि येताना तेवढाच वजा करावा लागतो.

६. वाऱ्याचा परिणाम :

विमानाचा वेग दोन प्रकारे सांगता येतो. सभोवतालच्या हवेच्या संदर्भातील वेग हा 'वायुसापेक्ष वेग' आणि जमिनीच्या संदर्भातील वेग हा 'भूसापेक्ष वेग' होय. प्रवाहाबरोबर पोहणारा व प्रवाहाविरुद्ध पोहणारा यांत जो फरक पडतो, तोच येथे पडतो.

उदाहरणार्थ, उंचीवर पश्चिमेकडील वाऱ्याचा घटक ताशी ६० कि.मी. आहे असे मानू. पुण्याहून नागपूरकडे जाताना भूसापेक्ष वेग ८९० कि.मी. होऊन ६०५ कि.मी. अंतर सुमारे ४१ मिनिटांत कापले जाईल. परतताना तो ७७० कि.मी. होऊन सुमारे ४७ मिनिटे लागतील. फरक सहा मिनिटांचा आहे. हिवाळ्यात भारतावर उंचीवर पश्चिमी वाऱ्यांचे प्राबल्य असते. पावसाळ्यात द्वीपकल्पावर उष्णकटिबंधीय पूर्वी जेट प्रवाह प्रस्थापित होतो. या प्रवाहाचे शास्त्रीय वर्णन पी. कोटेश्वरम या भारतीय हवामानशास्त्रज्ञांनी १९५८ मध्ये केले. त्यामुळे 'जाणे लवकर की येणे लवकर' याचे उत्तर ऋतुमानाप्रमाणे बदलू शकते. कमी पल्ल्याच्या प्रवासात हा फरक काही मिनिटांचा असतो. आंतरखंडीय प्रवासात तो तासाहून अधिक होऊ शकतो.

७. वरवंडच्या दारापासून नागपूरच्या दारापर्यंत :

आतापर्यंतचे विवेचन विमानतळापासून विमानतळापर्यंतचे होते. प्रवासी मात्र विमानतळावर राहत नाही. वरवंड ते नागपूर हे हवाई अंतर सुमारे ५७० कि.मी., म्हणजे पुणे–नागपूर अंतरापेक्षा कमी आहे. तथापि विमान गाठण्यासाठी वरवंडच्या प्रवाशास नागपूरच्या विरुद्ध दिशेस, पश्चिमेकडे लोहगावला जावे लागते. उरुळी कांचन, लोणी काळभोर, हडपसर या मार्गावरील गर्दीमुळे हा प्रवास किती वेळात होईल याची खात्री देता येत नाही. थेऊर–केसनंद–वाघोली असा पर्याय काही जण स्वीकारतात. तोही गर्दीपासून मुक्त नाही. अनिश्चितता असली की प्रवासी हाताशी जादा वेळ राखून निघतो आणि हा राखलेला वेळही प्रवासकाळच असतो.

तक्ता क्र. २ : वरवंड–नागपूर एकूण प्रवासकाळ (गृहीत, तास : मिनिटे)

| टप्पा | विमान | रेल्वे |
|---|---|---|
| घर ते लोहगाव / दौंड कॉर्ड लाईन | २:०० | ०:४५ |
| विमानतळ / स्थानकावरील प्रतीक्षा | २:०० | ०:३० |
| मुख्य प्रवास | १:३० | ११:०० |
| उतरून बाहेर पडणे | ०:३० | ०:१५ |
| शहरातील मुक्कामी पोहोचणे | ०:३० | ०:३० |
| एकूण | ६:३० | १३:०० |

या तक्त्यावरून तीन बाबी स्पष्ट होतात.

पहिली बाब अशी की, साडेसहा तासांपैकी वेळापत्रकातील दीड तास हा केवळ २३ टक्के आहे आणि उंचीवरील वेगाने कापलेली ४४ मिनिटे ११ टक्क्यांच्या आसपास आहेत.

दुसरी बाब वेगाविषयीची. विमानाचा वेग वंदे भारतच्या सरासरी वेगाच्या अकरापट आहे. प्रवाशाचा वेळ मात्र निम्माच होतो. वरवंड–नागपूर हवाई अंतरास एकूण काळाने भागले असता विमानप्रवाशाचा परिणामी वेग ताशी सुमारे ८८ कि.मी. येतो. समृद्धी महामार्गावर मोटारीस अनुज्ञेय असलेल्या ताशी १२० कि.मी. या वेगाहूनही तो कमी आहे.

तिसरी बाब विषमतेची आहे. लोहगावजवळच्या विमाननगरमध्ये राहणारा प्रवासी दोन तासांऐवजी अर्ध्या तासात विमानतळावर पोहोचतो असे मानल्यास त्याचा एकूण काळ पाच तास होतो. पुणे स्थानकावरून रेल्वेने गेल्यास त्याला सुमारे चौदा तास लागतील. त्याच्यासाठी विमान रेल्वेच्या २.८ पट जलद आहे. वरवंडकरासाठी दुप्पट जलद आहे. विमान तेच, तिकीट तेच, उड्डाणकाळही तोच. परंतु मिळणारा लाभ वेगळा आहे.

८. स्थिर काळ आणि विमानाची उपयुक्तता :

वरील विवेचन एका साध्या सूत्रात मांडता येते :

एकूण प्रवासकाळ = स्थिर काळ + (अंतर ÷ वेग)

वरवंडच्या विमानप्रवाशासाठी ४४ मिनिटे वगळून उरणारा सुमारे पावणेसहा तासांचा काळ हा 'स्थिर काळ' आहे. गंतव्य शहर कोणतेही असो, तो फारसा बदलत नाही. पुणे–दिल्ली हवाई अंतर सुमारे १,१५० कि.मी., म्हणजे नागपूरच्या जवळजवळ दुप्पट आहे. तरी उंचीवरील वेगाने त्यास सुमारे ४० मिनिटेच अधिक लागतात. याच गणिताची दुसरी बाजूही पाहिली पाहिजे. हडपसरच्या कोंडीत गेलेली ४० मिनिटे म्हणजे आकाशातील साडेपाचशे किलोमीटर होत.

रेल्वेचा स्थिर काळ सुमारे दोन तास आहे, परंतु वेग कमी आहे. वळसा गुणोत्तर १.२ ते १.४५ व रेल्वेचा सरासरी वेग ताशी ७० ते ७३ कि.मी. धरल्यास, साधारणतः २०० ते २५० कि.मी. हवाई अंतरापर्यंत रेल्वे व त्यापलीकडे विमान वरवंडच्या प्रवाशाचा वेळ वाचविते, असे गणनेवरून दिसते. मुंबई या मर्यादेच्या आत येते. पुणे–मुंबई हवाई अंतर सुमारे १२५ कि.मी. आहे. ९४.५ कि.मी. लांबीचा मुंबई–पुणे द्रुतगती मार्ग २००२ मध्ये पूर्णत्वास गेल्यानंतर या दोन शहरांमध्ये वेळेच्या दृष्टीने विमानाचे आकर्षण का उरले नाही, हे यावरून समजते. अर्थात वेळेबरोबर भाड्याचाही विचार प्रवाशास करावा लागतो. तो स्वतंत्र अभ्यासाचा विषय आहे.

स्थिर काळ कमी करण्याची एक जुनी व कल्पक योजना नागपूरशीच निगडित आहे. जानेवारी १९४९ मध्ये रात्रीची हवाई टपालसेवा सुरू झाली. दिल्ली, मुंबई, कलकत्ता व मद्रास येथून निघालेली विमाने मध्यरात्री नागपूरला एकत्र येत, टपालाच्या थैल्यांची अदलाबदल करीत आणि पहाटेपर्यंत आपापल्या शहरी परतत. दिवसा टपाल कार्यालयात पडून राहणारा वेळ रात्रीच्या उड्डाणाने वाचविला जात असे. विमानाचा वेग न वाढविताही पत्र लवकर पोहोचू शकले, याचे कारण योजनेचा भर प्रतीक्षाकाळ घटविण्यावर होता.

९. नियोजनाच्या दृष्टीने विचार :

केंद्र शासनाने ऑक्टोबर २०१६ मध्ये 'उडान' ही प्रादेशिक हवाई जोडणी योजना जाहीर केली. साधारण ५०० कि.मी. अथवा एक तासाच्या विमानप्रवासासाठी ठरावीक आसनांचे भाडे २,५०० रुपयांपर्यंत मर्यादित ठेवण्याची तरतूद तीत होती. सामान्य माणसास विमानप्रवास परवडावा हा तिचा हेतू स्वागतार्हच म्हणावा लागेल. तथापि या योजनेचे एकक 'एक तासाचे उड्डाण' हे होते. प्रवाशाच्या घरापासून विमानतळापर्यंतचा काळ त्या एककात मोजला जात नाही.

पुण्याच्या संदर्भात हा प्रश्न अधिक गंभीर आहे. लोहगाव हा मुळात भारतीय हवाई दलाचा तळ असून नागरी वाहतूक तेथे मर्यादित जागेत चालते. ऑक्टोबर २०२१ मध्ये धावपट्टीच्या दुरुस्तीसाठी चौदा दिवस तेथील नागरी विमानसेवा पूर्णपणे बंद ठेवावी लागली होती. मार्च २०२४ मध्ये नव्या टर्मिनलचे उद्घाटन होऊन त्याच वर्षी जुलैत ते वापरात आले. त्यामुळे इमारतीतील गर्दीचा ताण कमी होण्यास मदत झाली; परंतु पूर्वेकडून येणाऱ्या प्रवाशाच्या रस्त्यावरील काळात त्यामुळे बदल होण्याचे कारण नाही.

दौंडला लागून असलेल्या पुरंदर तालुक्यात नवा आंतरराष्ट्रीय विमानतळ उभारण्याचा प्रस्ताव २०१६ पासून चर्चेत आहे. पारगाव, खानवडी, वनपुरी, कुंभारवळण, उदाचीवाडी, एखतपूर व मुंजवडी या सात गावांची जमीन त्यासाठी निश्चित करण्यात आली. २०२५ मध्ये तेथील ड्रोन सर्वेक्षणास शेतकऱ्यांनी तीव्र विरोध केला. सरळ रेषेत पाहता वरवंडपासून हे स्थळ लोहगावपेक्षा बरेच जवळ आहे. म्हणजे वरवंडकराचा स्थिर काळ तेथे घटू शकेल. पुणे शहराच्या पश्चिम भागातील प्रवाशाचा काळ मात्र वाढण्याची शक्यता आहे. ज्यांची शेती जाणार त्यांच्यासाठी तर हिशेबाची परिमाणेच वेगळी आहेत.

या प्रस्तावाच्या बाजूने वा विरुद्ध निर्णय देणे हा प्रस्तुत लेखाचा हेतू नाही. परंतु 'वेळेची बचत' हे कारण सांगून बागायती जमीन मागितली जात असेल, तर ही बचत कोणाची, कोणत्या दारापासून मोजलेली आणि किती मिनिटांची, हे गावनिहाय मांडले गेले पाहिजे. मिनिटांचा हा हिशेब उघड असेल तर लाभ व त्याग यांची तुलना प्रामाणिकपणे होऊ शकेल. तसेच, विमानतळाकडे जाणारे रस्ते, थेट बससेवा आणि पुणे–दौंड लोहमार्गाशी जोडणी यांवर केलेला खर्च काही वेळा नव्या धावपट्टीइतकाच वेळ वाचवू शकतो का, याचीही तुलना त्यातून करता येईल.

१०. अध्यापनातील उपयोजन :

हा विषय महाविद्यालयीन अध्यापनात अनेक विद्याशाखांना जोडणारा आहे. भूगोलाच्या विद्यार्थ्यांना आपल्या गावाचे अक्षांश-रेखांश घेऊन बृहद्वृत्तीय अंतर काढण्यास सांगता येईल. गणितात गोलीय त्रिकोणमितीचा व भौतिकशास्त्रात सापेक्ष वेगाचा परिचय याच उदाहरणाने करून देता येईल. इतिहासाच्या वर्गात लोहमार्गांच्या वळशांमागील वसाहतकालीन अर्थकारण, तर अर्थशास्त्राच्या वर्गात काळाचे मूल्य व प्रादेशिक विषमता यांची चर्चा होऊ शकेल. वरवंड, केडगाव, पाटस, शिरूर या परिसरातील विद्यार्थ्यांनी आपापल्या गावापासून लोहगाव व दौंडपर्यंतचा प्रत्यक्ष काळ निरनिराळ्या वेळी नोंदविल्यास तक्ता क्र. २ मधील गृहीतकांच्या जागी खरी आकडेवारी येईल. अशा लघुप्रकल्पाचे मोल स्थानिक नियोजनासाठीही मोठे ठरेल.

११. निष्कर्ष :

१) पुणे–नागपूर हवाई अंतर सुमारे ६०५ कि.मी. असून रस्त्याने ते सुमारे १.१६ ते १.१९ पट व लोहमार्गाने सुमारे १.४६ पट होते. लोहमार्गाचा वळसा हा मुख्यतः एकोणिसाव्या शतकातील मार्गरचनेचा परिणाम आहे.

२) वेळापत्रकातील उड्डाणकाळ हा ब्लॉक टाइम असतो. कमी पल्ल्याच्या प्रवासात प्रत्यक्ष वेगाने कापलेल्या अंतराचा काळ त्याच्या निम्म्याच्या आसपास भरतो.

३) वारा, धावपट्टीची दिशा, हवाई मार्ग व विमानाचा प्रकार यांमुळे अंतर कायम असूनही उड्डाणकाळ बदलतो.

४) वरवंडसारख्या गावातील प्रवाशाच्या एकूण काळात उड्डाणाचा वाटा सुमारे एक चतुर्थांश आहे. उर्वरित काळ रस्ता व प्रतीक्षा यांत जातो आणि सुधारणेस अधिक वाव तेथेच आहे.

५) विमानतळाचे स्थान, भूसंपादन व प्रादेशिक हवाई जोडणी यांविषयीचे निर्णय घेताना शहर ते शहर उड्डाणकाळाऐवजी गावनिहाय दारापासून दारापर्यंतचा काळ आधारभूत मानावा. तसे झाल्यास ज्या गावांवरून विमाने केवळ उडत जातात, त्या गावांचाही नियोजनाच्या हिशेबात समावेश होईल.